तिरडीवर ठेवलेलं परत घेत नाहीत

माझे बाबा फौजेत भरती होण्याआधी सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आजही आमच्या गावचं, रोहण्याचं कोणी भेटलं की 'तुये बाबा म्हंजे पक्के ओढनारे, फौजी मानूस!' असं कौतुकानं म्हणतं आणि माझं डोकं फिरतं. जसं काही ते आईच्या पोटातून सिगरेट घेऊनच आले होते. पहिल्या हिवाळ्यात डोंगरावरच्या चौकीत त्यांचे हात कडक झाले, तेव्हा एका जुन्या जवानानं पेटती सिगरेट त्यांच्या बोटांत दिली आणि म्हणाला, 'ले, हाथ गरम होंगे.' हात किती गरम झाले ते देव जाणे. त्यानंतर मात्र बाबा ओढतच राहिले. कँटीनमध्ये स्वस्त मिळायची, बाजूचा ओढायचा, समोरचा ओढायचा, पहारा बदलला की दोघांत एक ओढायची. त्या जुन्या जवानाचा मला राग नाही, तो बिचारा स्वतःच तसा अडकला असणार. राग आहे तो माझ्या गावाचा. डोंगरावर निदान थंडी तरी होती. रोहण्यात काय होतं?

बाबा सुटीवर येत तेव्हा एसटीतून आधी काळी ट्रंक उतरायची, मग बाबा. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव लिहिलेलं. ती ओसरीवर टेकते न टेकते तोच गावातले बाप्ये चपला काढून हजर व्हायचे. ट्रंकेत वरच्या थरात सिगरेटची पाकिटं असायची. त्याखाली आईचं पातळ, आत्याचं घोंगडं, माझ्यासाठी जॅमचा डबा. आमचा थर उघडेपर्यंत वरचा थर निम्मा झालेला असे. 'फौजीची सिगरेट' ओढायला मिळणं हा गावाचा हक्कच होता आणि बाबांनी ती नाही दिली तर फौजी चढला, असं बोललं गेलं असतं. बाबा प्रत्येकाला देत आणि प्रत्येकासोबत स्वतःही ओढत, कारण पाहुण्याला एकट्यानं ओढू देणं बरं दिसत नाही. पाकीट संपलं की कानावरच्या बिड्या निघत, आणि त्या पेटवून आणायचं काम माझं. चुलीतलं जळतं लाकूड बिडीला लावायचं, दोन झुरके ओढून ती नीट धरली की ओसरीवर नेऊन द्यायची. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. डोळ्यांत पाणी यायचं, ठसका लागायचा आणि ओसरीवर हसू फुटायचं. पोरीच्या तोंडात बिडी कोणालाही खटकली नाही. तीच पोर मोठी होऊन जरा मोठ्यानं हसली, तर मात्र सगळ्यांना रीतभात आठवली.

या बैठकीचा मुखिया सदूकाका. बाबांचा चुलतभाऊ, वयानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. लग्न असो, बारसं असो, माती असो, ताट मांडायचं काम सदूकाकाचं. मातीच्या ताटाबद्दल इथंच सांगते. आमच्याकडे घरात कोणी गेलं की ओसरीवर एक पितळेचं ताट ठेवत. त्यात बिडीचे कट्टे, तंबाखू, चुना आणि आगपेटी. आलेल्या माणसाला हे द्यायचंच. पण घरच्या कर्त्या पुरुषानं त्यातली पहिली पेटवेपर्यंत कोणी ताटाला हात लावायचा नाही आणि खिशातली स्वतःचीही काढायची नाही. कर्त्यानं पेटवली नाही तर तो मेलेल्याचा अपमान. मेलेला भले छाती खोकून खोकून का गेला असेना, त्याच्या नावानं धूर निघालाच पाहिजे.

आमच्या घरात आणखी एक व्यसन होतं, पण ते बाईचं असल्यामुळे त्याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना तिनंच वाढवलं. बाबा तिला 'बाई' म्हणत, ती त्यांना 'नामा' म्हणे. आत्या मिसरी लावायची. आठवड्यातून एकदा एका फुटक्या तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, मग पाट्यावर खरडून बारीक पूड करायची. त्या भाजण्याचा ठसका असा की शेजारची शेवंताबाई पदर नाकाला लावून ओरडायची, 'अवो, मिरच्या भाजून राह्यल्या का माणूस?' पूड एका पत्र्याच्या चपट्या डबीत जायची आणि डबी आत्याच्या कनवटीला. आमच्या घरातली सकाळ कोंबड्यानं उजाडत नसे. आधी बाबांचा खोकला, मग आत्याच्या बोटाचा दातांवरचा खसखस आवाज, आणि मग आईच्या हातची भाकरीची थाप. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. आणि खरोखर सगळ्यांच्या घरी तसंच होतं, यातच सगळं आलं.

ज्या सुटीबद्दल सांगायचं आहे ती हिवाळ्यातली. तूर भरलेली होती, ज्वारी हुरड्याला आली होती. बाबा एसटीतून उतरले आणि ट्रंक उचलायला वाकले, तर तसेच वाकून उभे राहिले. श्वासच वर येईना. ट्रंक आईनं आणि मी घरी आणली. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. मिलिटरी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं होतं, 'जवान, या तो पहाड, या धुआँ. दोनों नहीं मिलेंगे.' सुटीवरून गेल्या गेल्या पुन्हा तपासणी होणार होती. छाती तशीच असली तर डोंगरावरची नेमणूक बंद, मग खालची श्रेणी, मग घरी. बाबांना फौज आवडायची. डोंगरावरच्या त्यांच्या चौकीबद्दल ते आमच्या शेताबद्दलही बोलत नसत इतक्या मायेनं बोलत. आणि त्याहून मोठी गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती: ट्रंक उचलता न येणारा माझा बाप. मला त्या वेळी पेन्शन, श्रेणी काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की हे असंच चाललं तर बाबा मरतील.

आई फार बोलणारी नव्हती. तिनं ट्रंक उघडली, वरचा सगळा थर काढला आणि चुलीत घातला. बाबा 'अवं, पाहुण्यांसाठी तं ठेव एक पाकीट' म्हणाले, तर ती म्हणाली, 'पाहुण्यायले च्या देईन. पाहुण्यायसाठी तुमची छाती नाई देत मी.' आत्या कोपऱ्यात मिसरी लावत बसली होती. बाबा चिडून तिच्याकडे वळले. 'आन हे? हे चालते का तुले?' आता नणंदेला आई कशी बोलणार? तेव्हा आत्या उठली, चूळ भरून आली आणि म्हणाली, 'नामा, तू धूर सोड, मी मिसरी सोडतो. तुयी सुटी सरेपर्यंत कोन आधी हारते ते पाहू.' आमच्याकडच्या जुन्या बाया 'मी करतो, मी जातो' असंच बोलत. मग म्हणाली, 'तुले मी अंगाखांद्यावर वाढवलं. तू माह्या आधी मरशीन तं मी कोनाले तोंड दाखवू?' बाबांनी तिच्या हातावर हात मारला. अशी पैज लागली.

लोकांना वाटतं सोडणं म्हणजे मनाचा हिय्या. हिय्या दोन दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या पाटीला लाथ मारली आणि आत्यानं तापल्या तव्यासकट अख्खी भाकर अंगणात फेकली. दोघं एकमेकांशी भांडायची, आईशी भांडायची, बैलाशी भांडायची. आईनं त्यांच्या हातांना आणि तोंडाला काम देण्याचा सपाटा लावला. जेवण झालं की बाबांचा हात खिशाकडे जायचा, त्या हातात ती उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परडी ठेवायची. सोला आणि खा. सकाळी उठल्याउठल्या तलफ यायची, तेव्हा ती त्यांना बांधावर हुरडा भाजायला पिटाळायची. आणि ओवा, जवस, तीळ, थोडी बडीशेप, सगळं सैंधव लावून मंद आचेवर भाजून ठेवायची. तो वास आठवला की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मिसरीच्या तव्यावर नव्हे हं, भाकरीच्या तव्यावर. मिसरीचा फुटका तवा तिनं कोंबड्यांना पाणी ठेवायला दिला होता.

आत्याची तऱ्हा वेगळी होती. ती म्हणाली, 'माहा हात डबीकडं जाते, तं डबी जागीच राहू दे. आतलं बदलव.' मग रोज सकाळी डबी धुऊन, पुसून, त्यात तो भाजलेला ओवा-जवस भरून देण्याचं काम माझ्याकडे आलं. तलफ आली की आत्या कनवटीची डबी काढायची, चिमूट तोंडात टाकायची आणि डोळे मिटून चावत बसायची. सकाळी डबी गच्च असे. दुपारपर्यंत निम्मी व्हायची आणि आत्या चालली की कमरेशी खुळखुळ वाजायची. मी तिला चिडवायची, 'आत्या, तुले घुंगरू बांधले का वं?' ती म्हणायची, 'वाजू दे पोट्टे. मिसरी कवाच नाई वाजली. चोर व्हती ते.'

आता मी नालवाडीत राहते, तिथं माझ्या ओट्यावर दर रविवारी रिटायर फौजी येतात, सुटीवरचे जवान येतात, त्यांच्या बायका येतात. त्यांना मी आजही आत्याचीच युक्ती सांगते. डबी तीच ठेवा, आतलं बदला. परवा एक जवान आला, गालात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याची गोळी, आणि मला म्हणतो, 'मावशी, म्या सिगरेट कवाच सोडली. खर्रा म्हंजे सिगरेट नोय.' बायको बाजूला कपाळाला हात लावून बसलेली. मी त्याला आधी बाहेर थुंकून यायला लावलं आणि मग जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. खाकी घालून पहाड चढता, आणि चिमूटभर सडक्या सुपारीपुढं गुडघे टेकता? तर त्या बैठकीत मला लोक 'ओवाबाई' म्हणतात. म्हणू देत.

गावानं आमच्या पैजेची थट्टा सुरू केली होती. ओसरीवर लोक आले की आई चहा पाठवायची, शेंगा पाठवायची, ओवा पाठवायची. बिडी पेटवायला चूल द्यायची नाही. 'इथं ओढू नका, यायची छाती बिघडली हाय' असं तिनं दारातून, पदर डोक्यावर घेऊन, सरळ सांगितलं. सदूकाका म्हणाला, 'फौजीच्या ओसरीवर ओवा! बाळंतीन कोन हाय रे घरात?' सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मग सदूकाकानं नवीन टूम काढली. 'नामा, तू सोडली ते ठीक. पन तुयी बाई लपवून मिसरी घासते. डबी तं कमरेले दिसते तिच्या.' हे त्यानं एकदा म्हटलं नाही, रोज म्हटलं. खोटं रोज म्हटलं की त्याला पाय फुटतात. शेवंताबाईच्या ओट्यापर्यंत गेलं, विहिरीवर गेलं. आत्याच्या कानावर आलं तेव्हा तिनं डबी कोणालाही उघडून दाखवली नाही. 'मी कोनाची चोरी केली का दाखवाले?' एवढंच म्हणाली. ताठ बाई होती.

सुटीचा शेवटचा आठवडा लागला होता. बाबा एव्हाना शेताला न थांबता चालत जाऊन येत होते. सकाळचा खोकला पार गेला नव्हता, पण आधी कोंबड्याच्या आधी यायचा, तो आता चहानंतर यायचा. त्या दुपारी आत्या अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. मी शाळेतून आले तेव्हा ती सुपावर वाकलेली दिसली. मला वाटलं डुलकी लागली. 'आत्या, सूप सांडते,' असं म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला, तर ती तशीच कलंडली. कमरेशी डबी वाजली, खुळ्ळ. आत्या बोलली नाही. तिच्या तोंडात अजून ओव्याचे दाणे होते.

सूर्य बुडायच्या आत नेलं पाहिजे म्हणून लगबग सुरू झाली. बाबा शेतातून धावत आले आणि अंगणात तिच्या पायाशी बसले ते उठेचनात. बायांनी आडोसा करून आंघोळ घातली, आणि तेव्हा शेवंताबाईच्या हाताला कनवटीची डबी लागली. 'अवं माय!' ती केवढ्यानं ओरडली. 'डबी तं कमरेलेच हाय! सोडली म्हने! लय जीव व्हता वं तिचा मिसरीवर.' मी बाजूलाच तांब्या धरून उभी होते. मी म्हटलं, 'त्यात मिसरी नाई, ओवा हाय. मी भरला सकाळी.' कोणी ऐकलंच नाही. पुन्हा म्हटलं, तर एका म्हातारीनं माझ्या दंडाला धरून मागं लोटलं. 'पोट्टे, मेलेल्या मानसापाशी असं कचकच करत नाईत.' आई म्हणाली, 'खरं सांगून राह्यली ते,' पण तिचा आवाज रडारडीत बुडाला. त्यांनी आत्याला तिरडीवर ठेवलं, डबी तिच्या छातीवर ठेवली आणि तिचा हात त्यावर मिटला. प्रेमानंच केलं सगळं. मला त्यांच्या प्रेमाचा आजही संताप येतो. डबीचं झाकण उघडून पाहायला किती वेळ लागतो?

बाहेर सदूकाकानं ताट मांडलं होतं. अंगणभर माणसं. ताट घेऊन तो तिरडीपाशी बाबांजवळ आला. डबीची बातमी आडोशाच्या या बाजूला पोचली होतीच. 'पाह्य,' तो म्हणाला, हळू आवाजात, पण मला सगळं ऐकू येत होतं. 'म्या सांगत नव्हतो? बाईनंच नाई पाळलं, नामा. लपवून घासत व्हती. आता तू कोनासाठी पाळून राह्यला? पेटव. लोक खोळंबले. तिच्या नावाची एक तं ओढ.' बाबा आत्याच्या हाताखालच्या त्या डबीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बहीण मेली याचं दुःख त्या चेहऱ्यावर होतंच. पण तिनं फसवलं, या दुःखानं तो चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांचा हात ताटाकडे गेला. कट्ट्यातून एक बिडी त्यांनी ओढून काढलीसुद्धा.

मी बायांतून घुसून पुढं आले. 'बाबा, त्यात ओवा हाय! उघडून पाहा!' बाबांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बिडी ताटात टाकली आणि डबी घ्यायला हात पुढं केला. तर भाऊबंदांतले सगळ्यांत वडील धोंडबाजी, त्यांनी बाबांचं मनगट धरलं. 'नामा, तिरडीवर ठेवलेलं परत घेत नाईत. काय ठेवलं ते ठेवलं. घरावर अपशकून.' हा नियम गावात अगदी पक्का. एकदा कोणाचं तरी नवं कोरं घोंगडं चुकून तिरडीवर पडलं होतं, ते तसंच जाळलं, पण उचललं नाही. बाबांचा हात थांबला. शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस, पण धोंडबाजींचा शब्द मोडणं त्याच्या अंगात नव्हतं. सदूकाका म्हणाला, 'पोट्टीच्या नादी काय लागतं? पेटव.' शेवंताबाईनं माझ्या वेणीला धरून मला मागं ओढलं. मी ओढली जात असतानाच ओरडले, 'काढू नका, बाबा! हालवून पाहा! मिसरी वाजत नाई! मिसरी वाजत नाई!'

बाबा वाकले. त्यांनी डबी उचलली नाही. तिच्यावर मिटलेला आत्याचा हात आपल्या हातात घेतला, लहानपणी ती त्यांचा धरत असेल तसा, आणि हळूच हलवला. खुळखुळ. त्यांनी पुन्हा हलवला. खुळखुळ. समोरच्या रांगेतल्या प्रत्येकानं ऐकलं. अंगणात त्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. बाबांनी तो हात कपाळाला लावला आणि तेव्हा कुठं ते रडले. 'बाई जितली,' म्हणाले. 'माही बाई जितली.'

मग त्यांनी डोळे पुसले, उभे राहिले आणि धोंडबाजींना विचारलं, 'तिरडीवर ठेवलेलं परत घेत नाईत ना, बाबाजी?' धोंडबाजी म्हणाले, 'नाई घेत.' 'पक्कं?' 'पक्कं.' 'मंग हे बी ठेवतो.' बाबांनी सदूकाकाच्या हातातलं ताट घेतलं आणि सगळंच्या सगळं, बिडीचे कट्टे, तंबाखू, चुना, आगपेटी, आत्याच्या पायाशी ओतलं. सदूकाकाचा हात चटकन पुढं झाला आणि धोंडबाजींकडे पाहून तसाच मागं गेला. रिकामं ताट बाबांनी माझ्या हातात दिलं. 'जाय, घासून ठेव.'

बाया घाटावर जात नाहीत, त्यामुळे पुढचं मी आईनं बाबांकडून काढून घेतलेलं सांगते. कर्त्यानं पेटवली नाही म्हणून घाटावर कोणीच पेटवली नाही. सगळा गाव त्या चितेभोवती हात खाली सोडून उभा होता. सदूकाकानं दोनदा कानावरची बिडी काढली आणि दोनदा परत ठेवली. परत आल्यावर मी ओसरीवर पाहिलं ते मात्र माझं स्वतःचं आहे. माणसं बसली होती आणि त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कोणी जमीन उकरत होतं, कोणी टोपीची घडी घालत होतं. मग कोणीतरी आत्याची गोष्ट काढली, तिनं कोणाच्या तरी बाळाला सहा गावं पायी हिंडून दूध मिळवून दिलं होतं त्याची, आणि एकेक जण रडायला लागला. एवढे बाप्ये मी रडताना कधी पाहिले नव्हते. शेजाऱ्यांनी कडू घास म्हणून पिठलं-भाकर आणली, शेवंताबाईनंच वाढलं. माझ्या ताटात तिनं न मागता दुसरी भाकर ठेवली. मी खाली पाहून जेवले. माझ्या वेणीची मुळं अजून दुखत होती.

बाबा परत गेले. तपासणी झाल्यावर त्यांचं पत्र आलं, पहाड मिळाला. त्यांनी पुन्हा कधीच ओढली नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं नाही. एकदा ओढली, सोबतचा जवान दरीत गेला तेव्हा, आणि तेही त्यांनी आपणहून आईला कळवलं. मग पुन्हा सोडली, ती कायमची. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या चौकीतून निरोप आला की ओवा जास्त पाठवा, तिघं मागतात. त्यातला एक सेलूकडचा. सुटीत तो बायकोला घेऊन आमच्या घरी आला आणि आईनं तव्यावर ओवा कसा भाजायचा ते त्या दोघांना शिकवलं. नालवाडीच्या माझ्या ओट्यावर जे काही चालतं ते तिथं सुरू झालं. बाबा भरपूर जगले आणि शेवटपर्यंत आपली ट्रंक स्वतः उचलत.

इथं हे प्रकरण संपवता आलं असतं, पण गेल्या हिवाळ्यात मी रोहण्याला एका मातीला गेले. सदूकाकाच्या घरचीच माती होती, त्याचा मधला नातू. वय काहीच नाही, तोंडाच्या कॅन्सरनं गेला. तिरडीपाशी गेले तर त्याच्या पायाशी बिडीचे कट्टे आणि खर्ऱ्याच्या पुड्या नीट मांडून ठेवलेल्या. मला वाटलं डोळे फिरले माझे. बाजूच्या पोराला विचारलं, हे काय? तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, 'मावशी, हे फौजीची रीत हाय आपल्या गावची. फौजी आजोबानं आपल्या बहिनीच्या पायाशी ठेवलतं. लय जीव व्हता म्हने तिचा तंबाखूवर.' आणि ओसरीवर ताट होतंच, ते वेगळं. म्हणजे या लोकांनी माझ्या बापाचा संताप घेतला, त्याला कुंकू लावलं आणि रीत म्हणून गावात बसवून टाकला. आणि माझी आत्या, जिच्या तोंडात मरताना ओवा होता, ती साऱ्या गावाच्या तोंडी तंबाखूवाली ठरली.

मी त्या अंगणात उभी राहून बोलले. मातीच्या घरी बोलू नये तेवढं बोलले. कोणी म्हणालं, म्हातारी चळली. एका पोरानं ऐकलं आणि पुडी खिशातून काढून बघत राहिला, पुढं काय केलं ते मला माहीत नाही. घरी आले आणि सुनेला समोर बसवलं. तिचा नवरा, माझा मुलगा, आत्ता सीमेवर आहे, तेव्हा माझं जे काही होईल ते तिच्याच हातून होणार. तिला म्हटलं, माझ्या हातात डबी ठेवशील. गच्च भरायची नाही, निम्मी भरायची. आणि तिरडी उचलण्याआधी माझा हात धरून ती हलवायची, मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशी.